मिठाची पंचाहत्तरी, पाकाचे एकशेपाच

पाण्यात मीठ घातलं की ते जास्त तापतं आणि डाळ लवकर शिजते, असं अनेक स्वयंपाकघरांत मानलं जातं. यातला पहिला भाग खरा आहे. दुसरा तपासायला कागद-पेन्सिल पुरते. एक लिटर पाण्यात दहा ग्रॅम, म्हणजे साधारण दोन लहान चमचे मीठ घातलं, तर समुद्रसपाटीला ते १०० ऐवजी सुमारे १००.१७ अंश सेल्सिअसला उकळतं. एवढ्याशा फरकाचा तुरीच्या दाण्याला पत्ताही लागत नाही. कुकरमध्ये वाफ कोंडली की तेच पाणी १२० अंशांच्या आसपास जातं. डाळ भराभर शिजते ती या वीस अंशांमुळे. मीठ चवीपुरतं घालावं, वेळ वाचवायचं काम शिट्टीवर सोपवावं.

चमचाभर मिठाने जे होत नाही ते वाटीभर मिठाने होतं, आणि किलोभर साखरेने तर हमखास होतं. लोणचं वर्षभर राहतं, मोरांब्याला बुरशी येत नाही, पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, गूळ पाझरतो, गाडीचं इंजिन घाटात तग धरतं. या सगळ्यांमागे एकच गोष्ट आहे: विरघळलेला पदार्थ पाण्याचा बाष्पदाब उतरवतो. किती उतरवतो याचा अंदाज असला, तर घरातले बरेच निर्णय चवीवर किंवा नशिबावर सोडावे लागत नाहीत.

द्रवाचे रेणू पृष्ठभागावरून सतत निसटत असतात. भांडं बंद असेल तर काही वेळाने निसटणारे आणि परतणारे रेणू सारखे होतात. तेव्हा वर साचलेली वाफ जो दाब देते तो बाष्पदाब. शुद्ध पाण्याचा बाष्पदाब ३० अंशांना पाऱ्याच्या ३१.८ मिलिमीटरइतका असतो. १०० अंशांना तो ७६० मिलिमीटर होतो, समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाची बरोबरी करतो, आणि पाणी उकळतं. पाण्यात न उडणारा पदार्थ विरघळवला की कुठल्याही तापमानाला हा दाब कमी भरतो. फ्रान्समधल्या ग्रनोबल इथले प्राध्यापक फ्रान्स्वा-मारी राऊल्ट यांनी १८८० च्या दशकात एकामागून एक द्रावणं मोजून त्याचा नियम मांडला. बारावीला विज्ञान घेतलेल्यांना तो आठवत असेल: द्रावणातल्या एकूण कणांमध्ये पाण्याच्या रेणूंचा जितका वाटा, तितकाच पाण्याच्या मूळ बाष्पदाबाचा हिस्सा शिल्लक राहतो.

नियमात वजनाचा उल्लेख नाही, कणांच्या संख्येचा आहे, हे इथे फार महत्त्वाचं. एक किलो पाण्यात ३४२ ग्रॅम साखर विरघळवली तर बाष्पदाब जेमतेम १.८ टक्के उतरतो. मिठाचे ५८ ग्रॅम घेतले की तो ३.३ टक्क्यांच्या आसपास उतरतो. मिठाचं एकक हलकं आहे, आणि पाण्यात पडताच त्याचे सोडियम व क्लोराइड असे दोन कण सुटे होतात. साखरेचा रेणू जड आणि अखंड राहतो. म्हणूनच लोणच्याला मिठाच्या मुठी पुरतात आणि मोरांब्याला साखर मात्र किलोच्या हिशेबाने लागते.

विरघळलेले कण पृष्ठभागावरची जागा अडवतात म्हणून पाणी उडत नाही, असं स्पष्टीकरण बऱ्याचदा वाचायला मिळतं. ते सोयीचं आहे, पण पूर्ण खरं नाही. तसं असतं तर मोठ्या रेणूंनी जास्त जागा अडवून दाब जास्त पाडला असता. खरं कारण असं की मिसळलेल्या अवस्थेत कणांना मांडणीच्या शक्यता जास्त असतात, आणि त्यामुळे पाण्याची द्रवातून बाहेर पडण्याची ओढ मंदावते. नियमाच्या दोन मर्यादाही इथेच सांगून टाकलेल्या बऱ्या. स्पिरिटसारखा स्वतःच उडणारा पदार्थ मिसळला तर एकूण बाष्पदाब उलट वाढू शकतो. आणि हा नियम पातळ द्रावणांना चपखल लागतो. साखरेच्या दाट पाकात दाब हिशेबापेक्षाही जास्त उतरतो. पुढचे आकडे म्हणून नियमातून काढलेले नाहीत, प्रत्यक्ष मोजमापातून आलेले आहेत.

अन्न टिकवण्याच्या संदर्भात याच बाष्पदाबाला जलक्रियाशीलता म्हणतात. पदार्थातल्या पाण्याच्या बाष्पदाबाला शुद्ध पाण्याच्या बाष्पदाबाने भागायचं. शुद्ध पाण्याला १, पूर्ण कोरड्या वस्तूला ०. ऑस्ट्रेलियातले संशोधक डब्ल्यू. जे. स्कॉट यांनी १९५० च्या दशकात दाखवून दिलं की जंतूंची वाढ पदार्थात पाणी किती आहे यापेक्षा या आकड्यावर ठरते. बहुतेक जिवाणू ०.९१ च्या खाली वाढत नाहीत. अन्नातून विषबाधा करणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस चिवट आहे, तो ०.८६ पर्यंत तग धरतो. नेहमीच्या बुरश्या ०.८० च्या आसपास थांबतात. काही हट्टी बुरश्या मात्र ०.६१ पर्यंत पोचतात. मधात जवळजवळ अठरा टक्के पाणी असतं, पण त्याची जलक्रियाशीलता ०.६० च्या आगेमागे असल्याने तो बरणीत वर्षानुवर्षं राहतो.

आता मीठ आणि साखर शेजारी ठेवून पाहावं. ०.९० ही पातळी गाठायला द्रावणात वजनाने सुमारे १४ टक्के मीठ पुरतं. साखर मात्र ५८ टक्क्यांच्या आसपास लागते. एक किलो कैरीच्या फोडींत साधारण ८५० ग्रॅम पाणी धरलं, तर १५० ग्रॅम मिठाने खाराची ताकद १५ टक्के होते, म्हणजे बहुतेक जिवाणूंच्या रेषेच्या थोडं खाली. बाकीचं काम कैरीचा आंबटपणा, मोहरी आणि वरचं तेल करतं. अलीकडे रक्तदाबामुळे कमी मिठाचं लोणचं घालण्याकडे कल आहे. त्यात चूक काही नाही. पण निम्मं मीठ घातलेलं लोणचं आजीच्या पद्धतीने माळ्यावर ठेवायचं नसतं. ते थोडं थोडं घालावं, फ्रीजमध्ये ठेवावं, लिंबाचा रस किंवा व्हिनेगर वाढवावं. मिठाचं प्रमाण घटवलं की बाष्पदाब वर जातो, आणि राखणीची जबाबदारी आम्लावर आणि थंडीवर येते.

मोरांबा, साखरांबा आणि जॅम यांचा हिशेब उकळीच्या तापमानावरून घेता येतो, आणि हा या लेखातला सगळ्यात उपयोगी भाग आहे. बाष्पदाब उतरला की तो हवेच्या दाबाशी बरोबरी करायला पाक जास्त तापवावा लागतो. त्यामुळे उकळत्या पाकाचं तापमान म्हणजे त्यातल्या साखरेचं मोजमापच. साखर ५० टक्के असेल तर पाक १०२ अंशांच्या आसपास उकळतो, ६० टक्क्यांना १०३, ७० टक्क्यांना १०६.५, ८० टक्क्यांना ११२, आणि ९० टक्के ओलांडताना तो १३० जवळ पोचतो. सुरुवातीला आकडा जागचा हलत नाही आणि शेवटी झपाझप चढतो. पाक शेवटच्या दोन मिनिटांत ‘पुढे जातो’ तो यामुळेच. जॅमला ६५ ते ६८ टक्के विद्राव्य घटक हवेत, त्यासाठी समुद्रसपाटीवर १०५ अंश ही खूण धरतात.

समुद्रसपाटीवर, हे विसरू नये. उंचीवर हवेचा दाब कमी असतो आणि साधं पाणीच लवकर उकळतं. ढोबळमानाने दर ३०० मीटरला एक अंश कमी. रत्नागिरीत १०५ ला उतरवलेला जॅम आणि महाबळेश्वरात १०५ ला उतरवलेला जॅम एकसारखे नसतात. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, तिथे पाणी ९५.५ अंशांना उकळतं. स्ट्रॉबेरीचा जॅम १०० ते १००.५ ला तयार होतो आणि १०५ पर्यंत नेला तर टॉफीच्या वाटेला लागतो. पुण्यात हा आकडा १०३ च्या आसपास बसतो. उंचीचे तक्ते शोधत बसण्यापेक्षा त्याच दिवशी, त्याच थर्मामीटरने आधी साधं पाणी उकळून पाहावं आणि जो आकडा येईल त्यात पाच मिळवावेत. थर्मामीटर थोडा चुकीचा असला तरी ही पद्धत त्याची चूक पोटात घेते. मोजताना थर्मामीटरचं टोक पाकाच्या मध्यावर असावं, पातेल्याच्या बुडाला टेकू नये. आणि पाक उकळत्या पाण्याहून गरम आणि चिकट असतो, त्यामुळे लहान मुलांना ओट्यापासून लांब ठेवावं.

फोडींच्या मोरांब्यात आणखी एक खोड आहे. गॅस बंद करताना पाक बरोबर असतो, पण फोडींच्या आत पाणी असतं. साखर आत शिरते, पाणी बाहेर येतं, आणि दोन दिवसांनी पाक सैल पडतो. म्हणून बरणी लगेच माळ्यावर चढवू नये. तिसऱ्या दिवशी पाक पाहावा, पातळ वाटला तर पुन्हा एक उकळी काढून तापमान तपासावं.

नुसत्या साखरेला एक भिंत आहे. खोलीच्या तापमानाला पाण्यात साखर ६७ टक्क्यांच्या पुढे विरघळत नाही, आणि तिथे जलक्रियाशीलता ०.८५ च्या जवळच थांबते. त्यापुढे खडे धरतात. लिंबू पिळलं की आम्ल आणि उष्णता यांमुळे साखरेचा काही भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये फुटतो. एका कणाचे दोन होतात, बाष्पदाब आणखी उतरतो, शिवाय साखर खडे धरत नाही. लिंबू चवीसाठी घालतात असं समजून ते टाळणाऱ्यांनी हा दुसरा फायदा लक्षात ठेवावा.

०.८५ म्हणजे बुरशी अजून पूर्ण अडलेली नाही. ती बहुतेक वेळा वरच्या थरावर येते, आणि तिला वाव देणारं पाणी बाहेरून आलेलं असतं. गरम मोरांबा भरून झाकण लावलं की वाफ झाकणाला धरते, थेंब खाली पडतात, वर पातळ पाण्याचा पापुद्रा तयार होतो. तेवढ्या जागेपुरती जलक्रियाशीलता जवळजवळ १ असते. ओल्या चमच्यानेही हेच घडतं. जॅम निर्जंतुक बाटलीत काठोकाठ, कडकडीत गरम भरून घट्ट बंद करावा. साठवणीचा मोरांबा पूर्ण गार होईपर्यंत स्वच्छ कोरड्या फडक्याने झाकावा, मग झाकण लावावं. कोरड्या चमच्याचा घरातला दंडक जितका कडक, तितका बरा.

गुऱ्हाळावर हीच वाट पुढे चालू ठेवलेली असते. काहिलीतला रस १०५–१०६ अंशांच्या आसपास उतरवला तर काकवी, ११८ ते १२० पर्यंत नेला तर ढेपेचा गूळ. गुळव्या ते थंड पाण्यात गोळी करून ठरवतो आणि क्वचित चुकतो. गुळात साखरेबरोबर ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि थोडे क्षार असतात. या मिश्रणाच्या संपृक्त द्रावणाचा बाष्पदाब नुसत्या साखरेच्या द्रावणापेक्षा बराच खाली असतो, म्हणून दमट हवेत गूळ साखरेच्या कितीतरी आधी पाझरतो. ढेप मृग नक्षत्राच्या आधीच फोडून, कोरड्या दिवशी हवाबंद डब्यांत भरून ठेवावी. एका मोठ्या डब्यापेक्षा चार लहान डबे चांगले, कारण रोज उघडला जाणारा डबा एकच राहतो. लोणावळ्याची चिक्की पावसात चिवट होते त्याचं कारणही हेच. पाकीट फोडल्यावर ती डब्यात टाकावी.

मिठाचा किस्सा आकड्यात सांगता येतो, आणि तो आकडा पाठ करण्यासारखा आहे: ७५. मिठाच्या संपृक्त द्रावणाचा बाष्पदाब शुद्ध पाण्याच्या सुमारे ७५ टक्के असतो. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ च्या वर गेली की मिठाचा दाणा हवेतलं पाणी ओढून विरघळू लागतो. खाली आली की ते पाणी परत सुटतं आणि ढेकूळ उरतं. कोकणात आणि मुंबईत जुलैमध्ये आर्द्रता दिवसेंदिवस ८० च्या वर असते, तेव्हा बरणीचा दोष नाही. खारवलेल्या माशालाही हीच रेषा लागू पडते: पावसाळी हवेत तो पाणी धरतो, म्हणून बाहेर टांगण्यापेक्षा हवाबंद ठेवावा. खड्यांचं मीठ पिठी मिठाच्याही आधी ओलं होतं, कारण त्यात मॅग्नेशियम क्लोराइडचा अंश राहिलेला असतो आणि त्याच्या संपृक्त द्रावणाची रेषा ३३ टक्क्यांवर आहे. बरणीत तांदळाचे दाणे टाकण्याने थोडा फरक पडतो, पण घट्ट झाकण आणि आठवडाभर पुरेल एवढीच लहान बरणी हा खरा उपाय. बाकीचं मीठ तव्यावर कोरडं करून बंद ठेवावं.

उरण-पेणच्या मिठागरांवर हेच गणित उन्हात मांडलेलं असतं. समुद्राच्या पाण्यात साडेतीन टक्क्यांच्या आसपास क्षार असतात आणि बाष्पदाब जेमतेम दोन टक्के उतरलेला असतो, त्यामुळे सुरुवातीच्या खाचरांत पाणी भराभर उडतं. दाटपणा वाढत जातो तसं बाष्पीभवन रखडतं. दाटपणा मोजण्याच्या बॉमे मापावर २५ अंशांच्या सुमाराला मीठ धरू लागतं, तेव्हा त्या पाण्याचा दाब तीन-चतुर्थांशावर आलेला असतो. हवा ७५ टक्क्यांहून दमट झाली तर खाचरातून पाणी उडण्याऐवजी हवेतलंच पाणी खाचरात येतं. २९–३० अंशांच्या आसपास उरलेलं कडवट पाणी काढून टाकतात. ते वेळेवर काढलं नाही तर मॅग्नेशियम मिठातच राहतं, आणि त्याची किंमत पुढे बरणीला मोजावी लागते.

या ७५ चा एक नेटका उपयोग आहे. पुस्तकं, हार्मोनियम, कॅमेऱ्याची भिंगं किंवा बियाणं जपणारे लोक कपाटात स्वस्तातला आर्द्रतामापक ठेवतात, आणि तो कित्येकदा पाच-सात टक्के चुकतो. तो तपासायला बाटलीच्या झाकणात दोन चमचे मीठ घ्यावं, त्यावर थेंब-थेंब पाणी टाकून ओल्या वाळूसारखं करावं. मीठ पूर्ण विरघळू द्यायचं नाही. हे झाकण आणि मापक एका हवाबंद डब्यात शेजारी ठेवून खोलीच्या तापमानाला रात्रभर सोडावं. सकाळी डबा न उघडता वाचन घ्यावं. ७५ दिसायला हवं. ७० दिसलं तर त्या मापकाच्या वाचनात पाच मिळवत जावं. मीठ आणि मापक एकमेकांना टेकू देऊ नयेत. २० अंशांपासून ३० अंशांपर्यंत मिठाचा हा आकडा अर्ध्या टक्क्यानेही हलत नाही, म्हणून प्रयोगशाळाही या पद्धतीवर भरवसा ठेवतात.

कपाटातला दमटपणा शोषणारे डबे विकत मिळतात त्यांत बहुधा कॅल्शियम क्लोराइड असतं. त्याच्या संपृक्त द्रावणाची रेषा ३० टक्क्यांच्या आसपास असल्याने ते हवेतलं पाणी ओढत राहतं आणि खालच्या कप्प्यात द्रव साचतो. दाणे संपून फक्त द्रव उरला की डबा बदलावा. पातळ झालेला द्रव फार काही ओढू शकत नाही. तो चामड्यावर किंवा लोखंडावर सांडू देऊ नये, हाताला लागला तर धुऊन टाकावा.

विरघळलेला पदार्थ उडत नाही, फक्त पाणी उडतं, याचा धडा इन्व्हर्टरच्या बॅटरीलाही लागू आहे. पातळी खाली गेली म्हणजे पाणी गेलेलं असतं, काही उडून तर काही चार्जिंगमध्ये हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन. सल्फ्युरिक आम्ल तिथेच असतं. म्हणून भर घालायची ती डिस्टिल्ड वॉटरची, आम्लाची नव्हे, आणि नळाच्या पाण्याची तर मुळीच नाही.

गाडीच्या रेडिएटरमध्ये निम्मं एथिलीन ग्लायकॉल आणि निम्मं पाणी असेल तर ते मिश्रण साध्या हवेच्या दाबाला १०७ अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाचा दाब धरला तर त्याच्याही बराच वर. ग्लायकॉल स्वतः १९७ अंशांना उकळतं, त्यामुळे पाण्याच्या तुलनेत त्याला न उडणारं धरायला हरकत नाही. मे महिन्यात कसारा किंवा आंबोली घाट चढताना हे वरचे अंश कामी येतात, आणि लडाखला जाणाऱ्यांना त्याच मिश्रणाचा गोठणबिंदू उणे ३७ च्या आसपास असल्याचा आधार मिळतो. वाटेत दर वेळी नळाचं पाणी ओतत गेलं तर मिश्रण पातळ होतं आणि दोन्हीकडचा फायदा जातो. उलट, जास्त चांगलं म्हणून निव्वळ ग्लायकॉल भरणंही चुकीचं: ते उष्णता कमी वाहून नेतं आणि उणे १३ अंशांनाच गोठतं. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलं तयार मिश्रणच वापरावं, इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण उघडू नये. ग्लायकॉल विषारी आहे आणि चवीला गोड, त्यामुळे गॅरेजमध्ये सांडलेलं कूलंट कुत्र्या-मांजरांच्या आणि मुलांच्या तोंडी लागण्याआधी भरपूर पाण्याने धुऊन काढावं.